तिच्या ग्लासात मिरची नव्हती

दारूत मिरची घालतात हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. समोरच्या दारात माझी मैत्रीण राहायची. तिच्या नातीने आपल्या वाढदिवसाला घरीच केली होती ती. मेक्सिकोची दारू, टकीला म्हणतात तिला, त्यात लिंबू, संत्र्याचा रस, ठेचलेली हिरवी मिरची, आणि ग्लासाच्या काठाला मीठ आणि लाल तिखट. आम्ही दोघी म्हाताऱ्या आतल्या खोलीत वडे खात बसलेलो. नात ग्लास दाखवायला घेऊन आली, तशी मैत्रीण म्हणाली, "मिरची घातलीस? मग दारू खंयची गो ती, सार झाला."

नात म्हणाली, "घे ना आजी, एक घोट."

हिने तोंड फिरवलं. बाहेर मुलगा, सून, व्याही बसलेले, त्यांच्यादेखत कशी घेणार? पण नजर ग्लासावरच होती हो. नात गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणते, "एकदा चाखूक व्हयी होती."

आता आमचं दोघींचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दहिसरला आम्ही चाळीत शेजारी होतो. चाळीच्या जागी टॉवर झाला, तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात चकरा मारून मारून समोरासमोरची घरं मिळवली. ती मालवणकडची. तिच्या हातचं कालवण खाल्लं की माझ्या कानातून धूर यायचा. आणि माझ्या घरी उलटं, माझ्या नवऱ्याला अल्सर, त्यामुळे तीस-पस्तीस वर्षं मी मिरची नुसती दाखवल्यासारखी घालायचे. जेवायला आली की ती पदराखाली लाल चटणीची वाटी घेऊन यायची. नवऱ्यासमोर गप्प, तो उठला की सुरू. "तुझी आमटी म्हणजे इस्पितळातला जेवाण गो. ह्याच्यात मासो सोडलो तर पोहत जायत." एवढ्या वर्षांत माझ्या हातच्या एका पदार्थाला चांगलं म्हणाली नाही. मला वाईट वाटायचं का? छे. एखाद्या दिवशी नाव ठेवायची राहिली, तर मी तिच्या कपाळाला हात लावून बघायचे, ताप आलाय का.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. वर्षभर औषधं, इंजेक्शनं, केस गेले, आणि एक दिवस डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, मागतील ते द्या. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं, तिलाही कळलं. त्या दिवसापासून घरात सगळे हळू बोलायला लागले. पेज, मऊ भात, शहाळ्याचं पाणी. तोंड आलेलं, जिभेवर फोड, त्यामुळे तेही चमच्याने. सून चांगली आहे, पण ती सुद्धा लहान बाळाशी बोलावं तसं बोलायची, "आ करा आई, शाब्बास!" ही माझ्याकडे बघायची आणि डोळे मिटून घ्यायची.

एका दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. तिने माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण धरलं.

"माका ती मिरचीवाली दारू व्हयी."

मी म्हटलं, "अगं, आत्ता?"

"मगे कधी? वर गेल्यार?" हसली, आणि हसताना ओठ फाटला तशी कण्हली. "आणि आयक. तिखट कमी केलंस तर बघ. सगळ्यांनी माका पोर करून ठेवल्यानी. तू नको करू."

मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, नाही करणार. शब्द दिला.

तिच्या मुलाला विचारलं, तर त्याने आधी खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "द्या काकी. घोटभर द्या. डॉक्टर म्हणालेच आहेत." वाढदिवसाची बाटली अर्धी उरली होती, त्यांच्याच स्वयंपाकघरात वर, पापडाच्या डब्यामागे. नात नोकरीला बेंगळुरूला. तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कणकेच्या डब्याला टेकवून ठेवला.

"समोरच्या आजी, आधी मिरचीच्या चकत्या करा. किती तिखट हवंय?"

"तुझ्या आजीला हवंय तेवढं."

पोरगी हसली आणि मग रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस काय, पुढचं सांग, बर्फ वितळतोय." तिने नाक पुसलं आणि सांगत गेली. मिरची बरणीत टाकून लाटण्याच्या टोकाने ठेचा. दारू ओता. लिंबू, संत्रं, साखरेचं पाणी. बर्फ घालून झाकण घट्ट लावा आणि हलवा, जोरात. मी लोणच्याची रिकामी बरणी तीनदा धुऊन घेतली होती. ती दोन्ही हातांनी धरून हलवली तर खांदा भरून आला. झाकण उघडलं, तर मिरचीचा असा ठसका नाकात गेला की म्हटलं, वा, हिला आवडणार! खरं सांगते, कितीतरी महिन्यांनी मला त्या घरात बरं वाटलं.

फोन ठेवला. दोन ग्लास काढले, कारण तिने बजावलं होतं, एकटी पिणार नाही, तूही घ्यायची. काठाला लिंबू फिरवून एका ग्लासाला तिखट-मीठ लावलं. तेवढ्यात मुलगा आत आला. घरूनच काम करत होता, कानात ते फोनवर बोलायचं यंत्र तसंच. म्हणाला, "काकी, वासावरून कळतंय किती तिखट आहे ते. नका ना घालू. काल पेज गिळताना पण ती रडली. मी ऐकू शकत नाही हो आता."

पन्नाशीचा माणूस. चाळीत माझ्या मांडीवर खेळलेला. त्याचे डोळे भरून आलेले. आणि तिची जीभ मीही बघितली होती ना. लालभडक, सोललेली. त्या जिभेवर मी मिरची ठेवणार?

तिखट-मिठाचा ग्लास मी माझ्यासाठी ठेवला आणि तिचा वेगळा केला. नुसता पाणी घातलेला संत्र्याचा रस, साखर, वासापुरतं लिंबू, आणि दारूचे चार थेंब. काठाला मीठही नाही, पिठीसाखर लावली, वर रंगापुरती पेपरिका नावाच्या लाल पुडीची चिमूट, सुनेच्या डब्यात होती, तिला तिखटपणा नसतोच. शेवटी एक मिरचीची चकती, बी काढून, धुऊन, काठावर अडकवली. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत असे. इतकी हुशारी मला कुठून सुचली, देव जाणे.

तिला उशा लावून बसवलं. तिने ग्लास दोन्ही हातांत धरून उन्हाकडे केला, चकती बघितली आणि खूश झाली. "आधी तू," म्हणाली.

मी माझा घोट घेतला. मला कुठे सवय! घशात आग, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, खोकून खोकून पुरेवाट. ती बघत होती. आणि चेहरा असा फुलला होता, जणू म्हणतेय, आता माझी पाळी. मग तिने ग्लास ओठाला लावला. एक घोट घेतला. थांबली. जीभ तोंडात फिरवली. परत एक घोट घेतला, जरा मोठा.

मी अजून खोकत होते. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या ग्लासाकडे बघितलं. मग आपल्या ग्लासाकडे.

मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं हो. मी म्हटलं असतं, चुकले, हा घे माझा. पण ती म्हणाली, "छान झालंय हां. उगाच त्रास घेतलास."

असं. पाहुण्याकडे गेल्यावर म्हणतात तसं, शुद्ध, मालवणी सोडून.

माझ्या हातात माझा ग्लास होता. बोट बुडवून एक थेंब तिच्या ओठावर ठेवायचा, एवढंच करायचं होतं. रडली असती, कण्हली असती, पण तिला हवं होतं ते मिळालं असतं. मी नाही केलं. उलट म्हणाले, "आवडलं ना?" ती म्हणाली, "हो." आणि ग्लास स्टुलावर ठेवून डोळे मिटले.

पुढे ती नऊ दिवस होती. मी रोज जायचे. म्हणायची, "ये, बस." म्हणायची, "चहा घेतलास का?" एकदा मी मुद्दाम म्हटलं, "आज मी आमटी केली, अगदी इस्पितळासारखी." तर नुसती मान हलवली. माझ्याशीही ती तशीच वागायला लागली, जशी सगळ्यांशी वागायची. दार समोरच होतं, दोन्ही दारं उघडी असायची, आणि मी कुठल्या लांबच्या नातेवाइकाला भेटायला गेल्यासारखी खुर्चीवर बसायचे. माफी मागायचं रोज ठरवायचे. पण खोलीत कोणी ना कोणी असायचं, आणि नसायचं तेव्हा ती झोपलेली असायची. की झोपल्यासारखी पडलेली, माहीत नाही. दहाव्या दिवशी सकाळी सुनेने बेल वाजवली.

तेराव्याला घर भरलेलं. गावाहून दीर-जावा आलेले. मुलाने मला पुढे बोलावलं, सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आईची शेवटची इच्छा काकींनी पुरी केली. आम्हाला कुणाला जमलं नसतं." बायका माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "अशी शेजारीण मिळूक नशीब लागता."

मी तोंड उघडलं होतं. पण खरं सांगितलं, की तिला तिखटच हवं होतं आणि मी दिलेला शब्द मोडला, तर त्यालाही कळणार, की नका घालू म्हणाला तो तोच. त्याच्याकडे आईच्या आठवणीतलं तेवढं एक तरी गोड उरलेलं. मी त्याला उठवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "हो रे बाळा. फार आवडलं तिला."