पोटरी दाबून बघ

"पोटरी दाबून बघ."

पुण्याजवळच्या माणमधल्या आमच्या चाळीत नवा भाडेकरू आला की चाळीचे मालक आबा आधी हे म्हणायचे, खोली मग दाखवायचे. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लेंगा गुडघ्यापर्यंत सारायचा, उजवा पाय पुढे करायचा. दाबल्याशिवाय तो मागे जायचा नाही. मीही दाबली. लाकूड होती, खोटं कशाला बोलू.

लगेच पुढचं वाक्य यायचं, "गोळी सोडली की शुगर सुटती."

आबांची गोष्ट खरी होती, तीच तर पंचाईत. जमीन विकली, नांगर सुटला, खोल्यांचं भाडं बसल्या जागी यायला लागलं. पोट वाढलं. आईला मधुमेह होता, तो यांनाही झाला. मग रोज अनवाणी टेकडी चढायला लागले. वजन उतरलं, शुगर उतरली. डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि तपासत राहा म्हणून सांगितलं. त्यातलं गोळी बंद एवढंच आबांनी ऐकलं.

"आता दगूड बी टोचत न्हाई मला," असं वर कौतुक.

"आबा, ही ताकद नाही. शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात. तपासून घ्या."

"तू पत्रकं वाट."

मी मधुमेहाच्या तपासणीची पत्रकं वाटायचेच, माझं कामच ते. त्यांना दिलेलं दुसऱ्या दिवशी त्यांच्याच फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीखाली सापडलं.

त्यांच्या सुनेला गरोदरपणात शुगर निघाली. बाळंतपणानंतर ती उतरली. त्या काळातला मधुमेह बहुतेकींचा असा उतरतो, पण पुढे पुन्हा होण्याचा धोका राहतो म्हणून तपासणी सोडायची नसते. आबांनी श्रेय आपण पाजलेल्या मेथीच्या पाण्याला दिलं आणि सुनेची तपासणीही थांबवली. एक स्वतःचा अनुभव, एक सुनेचा. तेवढ्यावर आबा डॉक्टर झाले. असा एक तुमच्याही गल्लीत असेल, बघा.

आता श्रेया नावाच्या मुलीचं सांगते. शाळकरी पोर, माझ्या शेजारच्या खोलीत आईबरोबर राहायची. आई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. श्रेयाला टाइप वन मधुमेह, म्हणजे इन्सुलिनशिवाय जगणंच नाही. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात औषध टिकेना, म्हणून बाटली आबांच्या फ्रिजच्या दारात असायची. जागा त्यांनीच आपणहून दिली होती. हेही लिहायला हवं.

एका सकाळी आई बाटली आणायला गेली, तर दारात बाटली नाही.

"दोन दिस ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "सुईची सवय लागली तर पुढं पोरीला करून कोन घेईल?"

"आबा, एक दिवसही चुकवायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

"डाक्टर ठिवतो का तुझी बाटली फ्रिजात? मी ठिवतो. मी तुझं वाईट करीन व्हय?"

आणि मेथीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. बाईनं तांब्या घेतला. खोली त्यांची, फ्रिज त्यांचा, माणूस वडिलांच्या वयाचा. तुम्ही काय केलं असतं, हे घरात बसून सांगू नका.

मी सभेसाठी बाहेरगावी गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले तेव्हा पोर ओकत होती. श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. मी आबांच्या स्वयंपाकघरात घुसले. तांदळाच्या डब्यातून त्यांनी बाटली काढून दिली, तीही "उगा घाबरतीस" म्हणत. रिक्षात पोरीची मान सारखी कलंडत होती.

दवाखान्यात आबा मागून आले. आयसीयूच्या दाराशी मला विचारतात, "एवढ्याशा पोरीनं एवढी साखर खाल्ली कवा?"

"काही खाल्लं नाही तिनं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच शरीरानं मारून टाकल्या. तुमच्या अंगात इन्सुलिन होतं, लागू पडत नव्हतं. चाललात, वजन उतरलं, लागू पडायला लागलं. तिच्यात ते नाहीच. सगळा डोंगर चढली तरी येणार नाही."

आबांनी विचारलं, "मग दोन्हीला शुगरच का म्हनत्यात?"

प्रश्न बरोबर होता. बाटली लपवायच्या आधी विचारायचा होता.

श्रेया वाचली. मायलेकी जवळच्या नांदे गावात राहायला गेल्या. आईनं तिथं आधी छोटा जुना फ्रिज घेतला, गादी नंतर.

आबांनी सुई, सवय हे शब्द पुन्हा काढले नाहीत. पण स्वतःची तपासणीही केली नाही. टेकडीवर काच घुसली, कळली नाही. कळलं तेव्हा वास येत होता. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. फार जगले नाहीत. शेवटी मी भेटायला गेले, तर चादर सारखी करत म्हणाले, "पोरीला सुई मिळती ना येळंवर?" मी मान हलवली.

मयताला सगळे म्हणत होते, मनानं चांगला माणूस. होताच. श्रेयाची आई आली होती. फाटकाबाहेर उभी राहून नमस्कार केला आणि तिथूनच परत गेली.

परवा त्या खुर्चीत आबांचा धाकटा भाऊ बसला होता. समोर नवा भाडेकरू, बायको पोटुशी. मला बघून भावानं लेंगा वर सारला, पाय पुढे केला. "दाबून बघ. थोरल्यागत हाय का न्हाई?"

मी दाबली नाही. विचारलं, "शुगर शेवटची तपासली कधी?"

त्यानं पाय हळूच खुर्चीखाली घेतला.