बाबांच्या खलनायकाला आज मिळालेली दाद

दुपारपासून डोकं सुन्न झालंय, म्हणून इथं लिहितेय.

सत्तरच्या दशकात माझे बाबा कसबा बावड्यातल्या हौशी नाटकात खलनायक करायचे. नायकाच्या मनात बायकोबद्दल संशय पेरायचा आणि त्याच्या संसाराची राख करायची, अशी भूमिका. बघायला आलेल्या बायका बाबांच्या नावानं बोटं मोडायच्या. बाबा ते आजही कौतुकानं सांगतात.

आज पेठ वडगावला लग्नाच्या पंगतीत तेच सांगत होते. शेजारच्या आजी एकदम म्हणाल्या, "व्हय, ते तुम्हीच की! 'बायको उगंच हसली, की समजा कायतरी लपवतीया.' तुम्हीच म्हणत हुता न्हवं?"

बाबा खूश. "पाठ हाय की तुम्हाला!"

"असणारच. नाटक बघून आमचं मालक घरी आलं. मी हसून ताट वाढलं. त्येंनी हेच म्हटलं आन् सकाळी मला माहेरी सोडलं. परत न्यायला आलंच न्हाईत."

बाबांचा घास हातातच राहिला.

परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "मला वाटायचं, पडदा पडला की खेळ संपतो."

'नाटकच होतं हो ते,' असं मी बाबांना समजावतेय. पण खरं सांगा, हेच वाक्य त्या आजींसमोर म्हणायची छाती तुमच्यापैकी कुणाची आहे?