मस्कतला दिवस कधी बुडतो

ती बाई आणि ती संध्याकाळ मी आजही विसरलेलो नाही. राजुरा भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली ती बाई आली आणि म्हणाली, "साहेब, माह्या नवऱ्याले एजंटानं मस्कतले नेलं म्हणते. पण तो तिथी नाई."

"फोन येतो ना?"

"येते. म्या इचारलं, दिस बुडाला का? तो म्हणे, आताच बुडून राह्यला. माह्यासमोर बी तवाच बुडून राह्यला होता. शेजारणीचा नवरा खरंच मस्कतले हाय. आमी जेवाले बसतो, तवा त्याचा दिस बुडते."

जाळं टाकायचं ते दिवस मावळताना, म्हणून या नवरा-बायकोत फोनवरही पहिला प्रश्न तोच असे. मी मात्र शहाणपणा केला. "बाई, सूर्यावरून गुन्हा दाखल होत नसतो," म्हणून तिला परत पाठवलं.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. ठाण्याच्या आवारात बसून राहिली आणि ऊन तांबूस झाल्यावर माझ्यासमोर फोन लावला. पलीकडून थकलेला आवाज आला, "बुडून राह्यला वो." समोर सागाच्या झाडांमागे आमचाही सूर्य बुडत होता. दोन गावांना एकच संध्याकाळ वाटून दिल्यासारखं झालं. मग स्वतःची लाज वाटली.

एजंटाला चौकशीला बोलावलं. चहा पाजला. आवाज चढवला की माणूस सावध होतो, हा माझा अनुभव.

"म्या सोता नेलं साहेब, हैदराबादहून इमानानं."

"विमानात बसलात कधी?"

"सकाळी आठले."

"उतरलात?"

"नऊ वाजून गेले होते."

"घड्याळ मागे केलंत का?"

"काऊन मागं करायचं?"

हवालदारानं मोबाइलवर पाहिलं. हैदराबाद ते मस्कत सुमारे बावीसशे किलोमीटर, साडेतीन तास. तिथलं घड्याळ दीड तास मागे. "साहेब, तासाभरात मस्कत? यानं इमान उडवलं का पळवलं?" तो म्हणाला. मग एजंटानं सगळं कबूल केलं. त्यानं या बाईच्या नवऱ्यासह सहा माणसं विशाखापट्टणमला उतरवून किनाऱ्यावरच्या कोळंबीच्या तळ्यांवर डांबली होती. मस्कत म्हटलं नाही तर घरचा फोन बंद, अशी धमकी होती.

गुन्हा नोंदवला. तिथल्या पोलिसांच्या मदतीनं सहाही जण सुटले.

नवरा हाडांचा सापळा होऊन आला. बायको त्याचा हात सोडेना. जबाब संपल्यावर तो हळूच म्हणाला, "साहेब, त्यानं फसवलं, खरं हाय. पण एक तास म्या ढगाच्या वरतं होतो."

बाईनं डोळे पुसले. "मंग? कसं दिसते?"

तो सांगत राहिला. ती ऐकत राहिली.

अडाणी समजून ज्या बाईला मी परत पाठवलं, तिनंच तपास केला होता. माझ्या शहाणपणाचे ते आठ दिवस तो माणूस त्या तळ्यात कंबरभर पाण्यात उभा होता.