बाबांचं बोलणं कशात ठेवायचं

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. त्यामुळे ते दिवस मला बाबांच्याच तोंडून ऐकायचे होते. ते ऐंशीच्या घरात आले, तेव्हा लालबागच्या आमच्या खोलीत दर रविवारी जेवणानंतर मी स्टुलावर फोन टेकवायची आणि त्यांना बोलतं करायची.

"ह्यां सगळां कोणाक हवां?" ते संशयाने विचारायचे. संपात चाळीत कोण काय बोललं ते दुसऱ्या दिवशी गिरणीच्या ऑफिसात पोचायचं. तेव्हापासून ते बोलताना आवाज खाली आणत.

आठ रविवारांत फोन भरला. लॅपटॉपमध्ये सीडी घालायची सोय नव्हती, हार्ड डिस्क महाग वाटली. दादरला फूटपाथवर दोनशे छप्पन्न जीबीचा पेन ड्राइव्ह मिळाला, दुकानात सोळा जीबीला पडतात तेवढ्यात.

"एवढां स्वस्त कसां गो?" बाबा म्हणाले.

मी हसले. व्हिडिओ त्यात टाकले, पहिले दोन चालवून पाहिले आणि फोन रिकामा केला.

महिन्याने पाचवा रविवार लावायला गेले. फाइलचं नाव दिसत होतं, पण ती उघडेना. पुढच्या तिन्हींचं तेच. परळच्या दुरुस्तीवाल्याने पेन ड्राइव्ह तपासला. "मॅडम, आत आठच जीबी आहे. वर नुसता आकडा छापलाय. आठ भरले की पुढचं घेतल्यासारखं दाखवतो, ठेवत काहीच नाही."

घरी सांगितलं. बाबा चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "परत मिळूचा नाय? नक्की?"

त्या पाचव्या रविवारी ते म्हणाले होते, की घरात तांदूळ संपले आणि मी तापाने फणफणले, तेव्हा संप चालू असताना चार दिवस ते मागच्या गेटने कामावर गेले होते.

पुन्हा बोलायला ते लगेच तयार झाले. या खेपेला मी दोन लहान हार्ड डिस्क घेतल्या, दोन वेगळ्या दुकानांतून, पक्क्या पावतीवर. आधी दोन्ही कसल्याही फाइलींनी काठोकाठ भरून शेवटची फाइल उघडून पाहिली, मगच विश्वास ठेवला. बाबांनी सगळं सांगितलं. मोर्चे, बंद भोंगा, गावाला पाठवलेली आई. ते चार दिवस मात्र आले नाहीत. शेवटी मीच विचारलं.

"मी? संपात कामाक? कोणी सांगितल्यान तुका?"

"तुम्हीच, बाबा."

"बंद कर ता."

मी फोन बंद केला. ते खरंच विसरले होते, का पेन ड्राइव्ह बिघडला हे त्यांच्या पथ्यावर पडलं होतं, मला कळेना. मीच चुकीचं ऐकलं असेल, असंही वाटून गेलं.

एक डिस्क माझ्या कपाटात आहे, दुसरी कॉटन ग्रीनला मावशीकडे. संपात ती आमच्याच चाळीत राहायची. दर सहा महिन्यांनी मी दोन्ही लावून बघते. सगळं चालतं. त्या चार दिवसांबद्दल मावशीला विचारायचं मी अजून टाळते आहे.