राजपुऱ्याची कुंडी नावं घेते

“कुंडी नावं घेते, साहेब,” तुळशीराम म्हणाला. तो राजपुऱ्यातला कापडवाला. “परवा माझं घेतलं. तेव्हापासून बुखार आहे.”

राज्य नुकतंच बदललं होतं. फाइली नागपूरऐवजी भोपाळला जाऊ लागल्या होत्या. मी पाणीपुरवठ्याकडे ओव्हरसीअर होतो. बऱ्हाणपुरात मोगलांच्या काळापासून जमिनीखालून पाण्याचं भुयार आहे. त्यावर थोड्या थोड्या अंतरावर विहिरीसारखी तोंडं. त्यांना कुंडी म्हणतात. राजपुऱ्याच्या कुंडीवर पंधरा दिवस बायका पाण्याला जाईनात.

इंजिनिअरसाहेब म्हणाले, “उतरून बघा. नाहीतर तोंड बुजवून टाका.”

भर दुपारी दोरानं उतरलो. खाली गुडघाभर पाणी. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, टॉर्चच्या उजेडात हाडांसारखे. चार पावलं गेलो आणि वरच्या मजुरांचं बोलणं ऐकू येईनासं झालं. मग भुयारातून बाईचा आवाज आला. संथ, हजेरी घेतल्यासारखा. तुळशीराम. त्याची बायको शेवंता. जरा थांबून, सदाशिव ओव्हरसीअर.

ते माझं नाव. दोर ओढा म्हणून ओरडायचं होतं, पण आवाज कुठून येतो ते बघायलाच हवं होतं. तसाच पुढे गेलो.

पुढची कुंडी पडकी, वापरात नसलेली, पण तिला पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवर मार्थाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. ख्रिस्ती. ‘त्यांच्यामुळे लाइन बाटते’ अशी मोहल्ल्याची तक्रार आली, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांचा नळ तोडला होता.

“बाई, इथं काय करता?”

“प्रार्थना. घरात म्हटली की दगड येतात. आईच्या कपाळाला लागला.”

“आणि ही नावं?”

“छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं प्रभूनं सांगितलंय.”

“मी दगड मारला नाही.”

“तुम्ही नळ तोडलात.”

मी विचारलं, “राग येत नाही?”

“येतो. म्हणून तर नाव रोज घ्यावं लागतं.”

“यानं काय होणार, बाई?”

“परवा शेवंता ओट्यावर भरलेली घागर ठेवून गेली. तिच्या नवऱ्याला सांगू नका. मला तेवढ्यावर पुढचे कितीतरी दिवस काढता येतात.”

आवाज भुयारातून राजपुऱ्यात पोचतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लोक घाबरलेत हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, “माझं नाव होतं?”

“मी ऐकलं नाही. पण नळ तोडायच्या ऑर्डरवर सही तुमचीच आहे.”

त्यांनी ती ऑर्डर काढून वाचली. मग नळ जोडायच्या कागदावर सही केली. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘माणसाचा आवाज, भुयारातून वाहत येतो, धोका नाही.’ कुणाचा, ते लिहिलं नाही.

तुळशीरामचा ताप कुनैननं उतरला. ओव्हरसीअरनं भूत बांधलं, असं तो सांगत सुटला. मार्थाबाई पुन्हा घरातच प्रार्थना करू लागल्या. दगड लगेच थांबले नाहीत, कमी कमी होत गेले.

नळ तोडा म्हणणाऱ्या अर्जावर फक्त तक्रार करणाऱ्यांच्या सह्या असतात. पान्हा उचलण्याआधी, ज्याचा नळ तोडायचा त्याच्या घरी एकदा जाऊन यावं.