माथेरानचा गारवा केल्विनमध्ये

आमचे हे खालापूरच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळतात, त्यामुळे घरात उष्णता हा विषय त्यांच्याच मालकीचा. परवा मुलीचा अकरावीचा अभ्यास चालला होता. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता दर ग्रॅमला, दर अंश सेल्सिअसला ४.१८ जूल, तीच केल्विनमध्ये लिहायची होती.

"सोपं हाय," हे म्हणाले. "केल्विन आलं की दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे."

"इथे नाही मिळवायचे, पप्पा. तापमान किती आहे ते नाही, किती वाढलं ते मोजायचंय. एक अंश वाढ म्हणजे एक केल्विन वाढ. आकडा तोच राहतो."

"तुला काय कळतं गं? उभा जल्म बॉयलरवर गेला माझा."

आता, कर्जतला आमच्याकडे पाहुणा आला की हे हमखास सांगतात, माथेरान आपल्यापेक्षा पाच डिग्रीनं थंड हाय. मुलीने तेच धरलं. "मग केल्विनमध्ये किती थंड? दोनशे अठ्ठ्याहत्तर? घोडे सोडा, वरची हवासुद्धा गोठून दगड होईल!"

हे उठून पाणी प्यायला गेले. आमच्याकडे हार मानायची हीच रीत आहे.

रविवारी माझा भाऊ आणि भावजय आले. "माथेरान पाच डिग्रीनं थंड हाय," ह्यांनी सांगितलं आणि मुलीकडे न बघता, शोध स्वतःच लावल्यासारखे म्हणाले, "केल्विनमध्ये म्हणाल, तर तिथंपण पाचच!"

भावजयीने फक्त स्वेटर घ्यायचा का, एवढंच विचारलं होतं.