आइझू, चोशू आणि इंदूताई

इंदूताई एक्स-रेशी बोलायच्या, आणि तेही मराठीत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी पुण्याहून लीड्सला नोकरीला आले. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या तळघरातल्या रिपोर्टिंग रूमचं दार ढकललं, तर आत अंधारात कुणीतरी म्हणत होतं, "कुठे लपलायस रे बाबा? ये की समोर." मी दचकून म्हटलं, "मी इथेच आहे." लाइटबॉक्ससमोर बसलेल्या बाईंनी मान वळवली. करडा कार्डिगन, छोटासा अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा. "तुला नाही गं, ह्या फ्रॅक्चरला म्हणतेय. मराठी दिसतेस. जेवलीस का?"

डॉ. इंदू सबनीस त्या विभागाच्या कन्सल्टंट होत्या. लग्न केलं नव्हतं, लीड्समध्ये वीस वर्षं काढली होती. मला त्यांनी शिकवलेला पहिला नियम म्हणजे, "एका व्ह्यूवर रिपोर्ट लिहायचा नाही. एक फिल्म समोरून, एक बाजूने. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूने बघितलं की मोडलेलं निघतं." हा नियम त्या सगळ्यालाच लावायच्या. वॉर्डातली भांडणं असोत नाहीतर कुणाचा मोडू घातलेला संसार, "दुसरा व्ह्यू कुठाय?" असं विचारल्याशिवाय त्या मत देत नसत.

त्यांच्या सेमी-डिटॅच्ड घराच्या दुसऱ्या अर्ध्यात हारुको-सान राहायच्या. साठी उलटलेल्या जपानी बाई, एका इंग्रज शिक्षकाच्या विधवा; 'सान' म्हणजे आपलं 'ताई'-'बाई'सारखं. दर शनिवारी सकाळी त्या इंदूताईंकडे चहाला यायच्या, कधीकधी मीही असायचे, आणि आपल्या गावाची, आइझूची गोष्ट सांगायच्या. सव्वाशे वर्षांपूर्वी जपानचा कारभार सम्राटाच्या नावाने शोगुन, म्हणजे सरसेनापती, बघत. तोफा लादलेली परदेशी जहाजं आली, शोगुनने बंदरं उघडली, आणि सामुराईंमध्ये फूट पडली. आइझूचे सामुराई शोगुनच्या बाजूचे. देशाच्या दुसऱ्या टोकाच्या चोशू प्रांतातल्या सामुराईंना शोगुन नकोच होता. शेवटी चोशू आणि त्यांचे दोस्त जिंकले आणि आइझूच्या किल्ल्याला त्यांनी वेढा घातला. हारुको-सानची आजी तेव्हा दहा वर्षांची, किल्ल्यातच होती. आत पडलेल्या तोफगोळ्यांवर बायका ओल्या गाद्या टाकून ते विझवायच्या, आणि गाद्या भिजवण्याचं काम आजीकडे होतं. हे सांगताना हारुको-सान आपली बोटं अशी पिळायच्या, की गादीचं पाणी अजून निथळतंय असं वाटे.

एका वर्षी आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये केन्जी नावाचा तरुण जपानी डॉक्टर संशोधनासाठी आला. कँटीनमध्ये रोज एकटा बसून अंड्याचं सँडविच खायचा. इंदूताईंना ते बघवेना. "दिवाळीला माझ्याकडे यायचंय," त्यांनी त्याला सांगून टाकलं. "आमच्या शेजारीणबाई जपानी आहेत. पोटभर गप्पा मारा."

गप्पा अर्धा मिनिट चालल्या. हारुको-साननी जपानीत काहीतरी विचारलं, केन्जीने हसून उत्तर दिलं. हारुको-साननी अर्धी खाल्लेली चकली बशीत ठेवली, नॅपकिनची नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "आभारी आहे, इंदू. चहा उत्तम होता." चहा अजून झालेला नव्हता. दार लागलं. केन्जीचा चेहरा पांढरा पडला होता. "गाव कुठलं, एवढंच त्यांनी विचारलं," तो म्हणाला. "मी चोशूचा आहे."

त्या शनिवारी हारुको-सान आल्या नाहीत, पुढच्याही नाहीत. भिंतीपलीकडून त्यांचा रेडिओ ऐकू यायचा तेवढाच. इंदूताई कामात चिडचिड करायला लागल्या; फिल्मशी बोलणंही बंद झालं. केन्जीने त्यांना सांगितलं की वर्ष पुरं होण्याआधीच परत जावं असं त्याला वाटतंय. "इथे एकच जपानी बाई भेटली आणि तिला माझं तोंड बघवत नाही."

"बस," इंदूताई म्हणाल्या. "आता तुझा व्ह्यू सांग."

तो सांगत गेला. आइझूच्या पराभवाच्या चार वर्षं आधी क्योतोत, राजवाड्याच्या दारात, आइझूनेच चोशूला चोप दिला होता. तेव्हा सम्राटद्रोही म्हणून शिक्का बसला तो चोशूवर. पुढे चक्र फिरलं आणि तोच शिक्का आइझूच्या कपाळी आला. "म्हणजे दोघांनीही तोच मार खाल्ला," इंदूताई मला म्हणाल्या. "आणि दोघांना वाटतं, आपल्या एकट्यालाच बसला."

फेब्रुवारीत आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये होता. इंदूताईंनी 'जपानचे सामुराई' या विषयावर बोलायचं जाहीर केलं. पन्नासेक माणसं आली, ती मुख्यतः बटाटेवड्यांसाठी. हारुको-सानना त्यांनी स्वतः घरी जाऊन, हात धरून आणलं होतं. शेवटच्या रांगेत केन्जी होता. एकमेकांना आमंत्रण आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

पाहुण्यांसाठी भाषण इंग्रजीत होतं. सुरुवात ठीक झाली. मग वेढ्याशी आल्यावर इंदूताई ठणकावून म्हणाल्या, "आणि आइझूचे लोक किल्ला सोडून पळून गेले."

मी चमकून वर बघितलं. ओल्या गाद्यांची गोष्ट मी स्वतः इंदूताईंच्याच तोंडून दहा वेळा ऐकली होती. हारुको-सानचा कप बशीवर वाजला. त्या उठणार एवढ्यात मागून आवाज आला.

"माफ करा, डॉक्टर. हे बरोबर नाही." केन्जी उभा होता. "ते पळाले नाहीत. महिनाभर लढले. आमचे पूर्वज बाहेर तोफांपाशी होते. आमच्या घरात आजही सांगतात की आतल्या बायकांसमोर आम्ही थकलो. हे सांगताना माझे आजोबा मान झुकवायचे."

"माझ्या नोट्समध्ये तर पळाले असंच आहे," इंदूताई अडून बसल्या.

आता हारुको-सान उठल्या. "तुझ्या नोट्स चुकीच्या आहेत, इंदू." त्या सरळ फळ्यापाशी गेल्या आणि खडूने किल्ला काढायला लागल्या. तट झाला, खंदक झाला. मग मागे न बघताच म्हणाल्या, "तोफा कुठे होत्या?" केन्जी पुढे आला आणि त्याने एक फुली मारली. "अजून डावीकडे," हारुको-सान म्हणाल्या. त्याने फुली पुसून डावीकडे मारली. त्यानंतर तासभर ते दोघं भांडले, आधी इंग्रजीत आणि मग जपानीत. वडे गार झाले, पण कुणी जागचं हललं नाही. इंदूताई पहिल्या रांगेत बसून दोन वडे खात होत्या.

घरी जाताना गाडीत मी विचारलं, "इंदूताई, तुम्ही मुद्दाम चुकलात ना?"

"शुभा, कन्सल्टंट चुकत नाहीत," त्या म्हणाल्या. "सेकंड ओपिनियन मागतात."

पुढच्या शनिवारी चहाला तिघं होते. हारुको-साननी केन्जीला नावाने कधीच हाक मारली नाही. 'मिस्टर चोशू' असंच म्हणत राहिल्या. पण पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या छपराची पन्हळ तुंबली तेव्हा शिडीवर तोच चढला, आणि खालून "जपून, मिस्टर चोशू" असं चाललेलं मी ऐकलंय. एका वर्षासाठी आलेला तो पुरी दोन वर्षं राहिला.

नव्वदच्या दशकात इंदूताई रिटायर झाल्या आणि साउथहॅम्प्टनला भाचीजवळ राहायला निघाल्या. निरोपाच्या जेवणात आम्ही त्यांना बोलायला उभं केलं. त्या नुकत्याच हारुको-सानबरोबर आइझूला जाऊन आल्या होत्या, आणि बोलल्या त्या तेवढ्याबद्दलच.

दोघी हारुको-सानच्या थोरल्या भावाकडे उतरल्या होत्या; तो ऐंशीच्या घरातला. केन्जी देशाच्या दुसऱ्या टोकाहून दिवसभर ट्रेनने या दोघींना भेटायला आला. म्हातारा म्हणाला, माझ्या उंबरठ्याच्या आत चोशूचा माणूस येणार नाही. केन्जी फाटकाशी उभा राहिला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, मी फक्त भेटायला आलो होतो, आता जातो. "मला भाषा येत नाही," इंदूताई सांगत होत्या. "हारुको रडायच्या बेताला आलेली. आणि बर्फ पडायला लागलं. म्हातारा खिडकीशी उभा राहून नुसता बघतोय. शेवटी गुरगुरला काहीतरी. मी हारुकोला विचारलं, काय म्हणतोय? ती म्हणाली, म्हणतोय की माफ केलेलं नाही, पण त्या चोशूला सर्दी होईल, आत घ्या."

आम्ही हसत होतो. इंदूताईंनी हात वर करून थांबवलं.

"रात्री केन्जी जायला निघाला, तर म्हाताऱ्याने स्वतःचा जाड कोट त्याच्या अंगावर घातला. केन्जी म्हणाला, पोस्टाने परत पाठवतो. तशी म्हातारा भडकला. म्हणाला, पोस्टाने अजिबात नाही. स्वतः आणून द्यायचा."